गप्प पडलेल्या कॉइली

प्रयोगशाळेत तिला सगळे गुंडाळीबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती बारीक तार चिनीमातीच्या ठोकळ्यांवर गुंडाळून चुंबकत्वातला बदल टिपणाऱ्या कॉइली बनवत होती. त्या कॉइली कड्यासारख्या एका पोकळ, अवाढव्य भांड्यात बसत. सूर्याच्या गाभ्यापेक्षा तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, भिंतीला शिवू न देता चुंबकांनी तोलून धरायचा, हा तिथला सगळा खटाटोप.

त्या वर्षी प्रयोग बिघडू लागले. प्लाझ्मा एकाएकी कोसळायचा, भांडं हादरायचं. आणि दर वेळी त्याच्या जरा आधी तिच्या कॉइलींचा संकेत शून्यावर यायचा. विभागप्रमुखांनी सगळ्यांदेखत तिच्या हातात ताकीदपत्र ठेवलं.

"ऐन वेळी तुमच्या कॉइली मरतात. हलगर्जीपणा, दुसरं काय?"

"एकेक कॉइल मी तीनतीनदा तपासलीय, साहेब."

"मग संकेत कुठे जातो? जेवायला?"

लोक हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन तिने डबा ओट्यावर आपटला. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो दचकून बाहेर आला. "अगं, झालं काय?"

"अहो, प्लाझ्मात चुंबकत्वाची गाठ पडते. ती कड्यात गरागरा फिरते. समोरून गेली की माझी कॉइल बोलते. गाठच थांबली तर कॉइल काय बोलणार, कप्पाळ? तिला फक्त बदल कळतो! कॉइल मरत नाही, गाठ अडकते. अडकली की फुगते आणि सगळ्याचं वाटोळं करते."

"पण ती अडकते कशाला?"

हे प्रयोगशाळेत कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने चौदा बिघाडांच्या नोंदी काढल्या. संकेत एकदम तुटत नव्हता. लाट आधी संथ, मग आणखी संथ होत थांबत होती. तुटलेली तार अशी मरत नाही. थांबलेली गाठ जागच्या जागी फुगते, तो संथ बदल भांड्याबाहेरच्या रुंद कॉइली टिपायच्या; त्यांच्या नोंदींवरून ती कुठे आहे ते कळायचं. चौदापैकी बारा वेळा गाठ भांड्याच्या सातव्या खिडकीसमोर थांबली होती. मोजणीवाल्याला घेऊन ती तिथे गेली. तिथला मोठा चुंबक सहा मिलिमीटर कलला होता; त्याच्या वाकड्या ओढीतच गाठ अडकत होती. गेल्या वर्षी दुरुस्तीनंतर तो परत बसवल्याच्या कागदावर सही विभागप्रमुखांची.

कागद घेऊन ती थेट त्यांच्या खोलीत शिरली.

"बघू, बघू," ते म्हणाले. "उगाच बोभाटा नको."

"बोभाटा तुम्ही केलात, साहेब. भर सभेत."

चुंबक सरळ केला. गाठी पुन्हा फिरू लागल्या, प्लाझ्मा टिकू लागला. अहवालात लिहिलं, 'तांत्रिक दोष दूर करण्यात आला.' कुणी दूर केला, त्याचा पत्ता नाही. एके दुपारी साहेब तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "ते पत्र विसरून जा आता."

"लेखी मागे घ्या. आणि ज्यांच्यापुढे दिलंत, त्यांच्यापुढेच वाचा."

अकरा दिवस ते टाळत राहिले, आणि ती रोज दारात उभी राहिली. बाराव्या दिवशी सभेत त्यांनी ताकीद मागे घेतल्याचा कागद काढला आणि मान खाली घालून भराभर वाचून टाकला. दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या.

ती उठली. "हळू वाचा, साहेब. मागच्यांना ऐकू नाही आलं."

त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. संपेपर्यंत ती उभीच होती.