पानगळीच्या गावात दोघांचं बुकिंग

नवरा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी तो पाण्यावर होता. जपानच्या बहुतेक मोठ्या बंदरांत त्याचं जहाज लागलेलं आहे, पण क्रेन आणि गोदामांपलीकडचा जपान त्याने कधी पाहिला नाही. "तिथल्या डोंगरांतली लाल पानं एकदा दोघांनी बघायची," असं म्हणायचा आणि पुन्हा जहाजावर जायचा.

गेल्या वर्षी मी ते मनावर घेतलं. ऑक्टोबरच्या मध्याला तो साइन ऑफ करून जहाजावरून उतरणार होता. मी ऑफिसात रजा टाकली, उत्तर जपानमधल्या एका डोंगरी गावात राहण्याजोगं घर शोधलं, दोघांचं बुकिंग केलं. सिंगापूरमध्ये लोकरीचे कपडे कुठे मिळतात हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. निघायला चार दिवस असताना त्याचा मेसेज आला. त्याच्या जागी येणारा इंजिनिअर आजारी पडला होता आणि जहाज ब्राझीलला निघालं होतं. अजून दोन महिने तरी सुटका नव्हती.

मी सगळं रद्द करणार होते. मुलगी इथेच सिंगापूरमध्ये, हौगांगला राहते. तिला फोन केला, तर म्हणाली, "जस्ट गो लाह, आई. यू ऑलवेज वेट फॉर बाबा."

ती रागावून बोलली नव्हती, सहज बोलली होती. म्हणूनच असेल, मला ते जास्त लागलं. मी गेले.

दोन डब्यांच्या गाडीतून मी त्या गावच्या स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याबरोबर दुसरं कोणी उतरलं नाही. गाडी गेल्यावर इतकं शांत झालं की माझ्याच बॅगेच्या चाकांचा आवाज मला मोठा वाटायला लागला. समोरचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पेटल्यासारखा दिसत होता. मी "अरे, बघ," असं चक्क मोठ्याने म्हटलं.  फोटो काढला, त्याला पाठवला. फोटो पोचल्याची खूण आली नाही. भर समुद्रात त्याला बरेचदा नेट नसतं.

घराची मालकीण पंचाहत्तरीची असावी. पाठीत वाकलेली, पण चालणं झपाझप. ओसरीवर तिने सोललेली केशरी फळं दोऱ्यांना बांधून वाळत टाकली होती. माझ्या मागे कोणी येतंय का हे तिने दोनदा पाहिलं. मी एक बोट वर केलं. ती मान हलवून आत गेली.

संध्याकाळी सहाला जेवायला बोलावलं, तर चटईवर समोरासमोर दोन ताटं मांडलेली. मिठात भाजलेला नदीतला मासा, अळंब्यांचं सार, मुळ्याचं लोणचं, भात. सगळं दोन-दोन. मी फोनवर इंग्रजीत लिहिलं की नवरा समुद्रावर गेलाय, तो आता येऊ शकत नाही. भाषांतर करून तिच्यापुढे धरलं.

तिने ते वाचलं. मग समोरच्या ताटातली भाताची वाटी उचलून ती कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाकडे गेली. आपल्याकडच्या देवघरासारखंच होतं ते. आत एका माणसाचा फोटो होता. तिने फोटोपुढे वाटी ठेवली, उदबत्ती लावली, छोटी घंटी वाजवली आणि मला जवळ बोलावलं. तिच्या घरची रीत असेल म्हणून मीही शेजारी बसून हात जोडले. मग ती माझ्या फोनमध्ये काहीतरी बोलली. पडद्यावर उमटलं, "ते नंतर सापडले का?"

 घाईघाईने मी लिहिलं की तो जिवंत आहे, जहाजावर काम करतो, सुट्टी मिळाली नाही एवढंच.

ती वाचून तोंडावर हात ठेवून हसली. मग वाकून वाकून माफी मागायला लागली. मी तिचे हात धरून तिला थांबवलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा फोन मागितला. या वेळी ती हळू बोलली.

"माझे मासेमारीला गेले होते. सापडले नाहीत. म्हणून मी इथे माहेरी आले. इथून समुद्र दिसत नाही."

 दुसरं ताट मी तिच्याकडे सरकवलं. आधी ती नको म्हणाली, मग बसली. आम्ही दोघी जेवलो. माशाचे काटे कसे काढायचे ते तिने मला दाखवलं, मला ते येत होतं तरी मी शिकून घेतलं.

पुढचे तीन दिवस मी ओढ्याच्या काठाने एकटी हिंडले. मेपलची झाडं लाल, गिंकोची पिवळीधमक, आणि वाऱ्याशिवायच गळणारी पानं. दर थोड्या वेळाने मी फोन बघायची. तो आहे, कामात आहे, हे ठाऊक असूनही बघायची. या आधी इतक्या वर्षांत मी त्याची काळजी अशी कधी केली नव्हती. त्याचं नसणं सवयीचं झालं होतं. तिथे ती सवय मोडली, आणि ओढ्याकाठच्या दगडावर बसून मी पोटभर रडले. बघायला कोणी नव्हतं.

परतीच्या प्रवासात विमानतळावर त्याचा फोन लागला. मी त्या ताटाची गोष्ट सांगितली. तो खो खो हसला. "म्हणजे मला जिवंतपणीच भात वाढलास."

"हो," मी म्हटलं. त्या बाईच्या नवऱ्याचं मात्र सांगितलं नाही. ज्याला अजून सात आठवडे समुद्रावर काढायचे आहेत त्याला ते कसं सांगणार?

तो डिसेंबरात घरी आला. फोटो पाहिले, रंग छान आलेत म्हणाला. आता पुन्हा गेलाय. हल्ली रॅफल्स प्लेसच्या ऑफिसला जाताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसले की त्याचं जहाज कुठे आहे ते मी फोनवरच्या नकाशात बघते. निळ्यावर एक बारीक ठिपका असतो. माझं स्टेशन येईपर्यंत तो जागचा हललेला दिसत नाही.