मेंढीच्या लोकरीतला नर-लांडगा

भूतखेत, करणी-बिरणी असलं काही मी मानत नाही. मानायला वेळच कुठं होता? अर्धं आयुष्य नर-लांडग्याचे, म्हणजे माणसाचा लांडगा होतो त्याचे, पिक्चर बघण्यात गेलं! बारामतीच्या व्हिडिओ सेंटरात खाजकुयलीच्या शेंगेसारखे केस चिकटवलेला काळा-पांढरा लांडगा बघितला. मग रबरी थोबाडाचा, हाडं कडाकडा मोडत बदलणारा. आता कॉम्प्युटरवाला... त्याचा तर केस न् केस वाऱ्यावर हलतो. जगात माझ्याएवढे लांडगे फक्त जंगलानं बघितले असतील.

तर गेल्या वर्षी ठरवलं, आपणच पिक्चर काढायचा. हिरो मी. कॅमेरामन माझा मेव्हणा संतोष, म्हणजे त्याचा मोबाईल. जागा कन्हेरी गावाच्या बाजूचा माळ. सीन रात्रीचा, पण शूटिंग भर दुपारी. फिल्टर मारला की अंधार! अंगावरच्या केसांसाठी बिरा आबांकडून पोतंभर लोकर आणली. आबा धनगर. खतासाठी त्यांची मेंढरं दरवर्षी आमच्या रानात बसतात. बायकोनं ती लोकर माझ्या जुन्या स्वेटर-पँटवर शिवून दिली आणि म्हणाली, "लांडगा कुठला, गादी फुटल्यावानी दिसताय."

संतोष लांब टेकाडावर उभा राहिला. मी हात पसरून, डरकाळ्या फोडत मागं-मागं सरकत शेततळ्याच्या बांधावर चढलो. तोंडावर लांडग्याचा मुखवटा, त्याची भोकं बारीक... पाय घसरला तो थेट तळ्यात!

शेततळं ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. तळापासून काठापर्यंत गुळगुळीत प्लास्टिक. धरायला गवताची काडी नाही. मला पोहता येत नाही, आणि लोकर पाणी पिऊन म्हशीएवढी जड झालेली. मुखवटा कसाबसा ओरबाडून मी बोंबललो, "संत्या, मेलो रं!"

बांधाआड मी काही त्याला दिसेना. पलीकडनं आवाज आला, "एक नंबर, दाजी! आवाज लई भारी! चालू द्या!"

नाकात पाणी गेलं. थोरल्या लेकीचं लग्न डोळ्यांपुढं आलं, तेही माझ्याशिवाय. आणि तेवढ्यात मानेपाशी लोकर कुणीतरी गच्च धरली. ताकद बैलाची, श्वास गरम, वास ओल्या कुत्र्याचा. फराफरा ओढत त्यानं मला काठावर टाकलं. खोकत वळून बघितलं... कुणी नाही.

आबा जवळच चरणारी मेंढरं सोडून धावत आले, मागनं संतोष. माझ्या मानेवरची लोकर दातांनी धरल्यासारखी चिंबली होती. आबांनी ती बघितली आणि शांतपणे म्हणाले, "लांडगा हुता. कळपातलं एखादं मेंढरू त्यानं न्हेलं, तर आमी त्याला चोरी म्हनत न्हाय. वाटा हाय त्याचा. तुमी मेंढराच्या वासाचं घालून बसला, त्यानं वाटा वर काढला. आत मानूस घावला, म्हनून टाकून ग्येला."

मला पटलं. लांडगा व्हायला गेलो आणि लांडग्यानंच मेंढरू ठरवलं! मी हसायला लागलो. पण संतोष हसेना. तो बांधावरच्या चिखलाकडं बघत होता. पाईप गळून तिथं चांगला राडा झालेला. तळ्याच्या काठापर्यंत पंजे आले होते, चारी पायांचे. परत जाताना मात्र पंजे नव्हते... माणसाची अनवाणी पावलं होती, माळाकडं गेलेली. माझ्या पायात बूट, संतोषच्या पायात बूट, आबांच्या पायात जाडजूड वहाणा.

आबांनी वाकून बघितलं, पागोटं सारखं केलं. "हे मला ठावं न्हाय," एवढंच बोलले. मी तर बाता मारणारा माणूस, त्यामुळं गावात कुणी विश्वास ठेवला नाही. बरोबरच आहे. मला स्वतःलाही आजवर उलगडा झालेला नाही.

पण उपकार तो उपकार. थोरलीचं लग्न पार पडलं, अक्षता माझ्या हातानं टाकल्या. दुसऱ्या दिवशी एक मेंढी विकत घेऊन मला वाचवणाऱ्याच्या नावानं आबांच्या कळपात सोडली. परवा आबांचा फोन आला, "पाव्हनं, तुमची मेंढी ग्येली बगा. ज्याची त्यानं न्हेली."

"शोधायची का?" मी विचारलं.

"कशाला?"

मी बायकोला हाक मारली आणि गूळ घालून लापशी करायला सांगितली. आळीभर वाटली. कशाची म्हणून ज्यानं विचारलं, त्याला सांगितलं... एका पाव्हण्याच्या जेवणाची.