गाळलेलं पाणी

नर्स म्हणून मी पहिल्यांदा नोकरीला लागले ती कोल्हापूरकडच्या एका गावात. तिथं लोकांना आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला लावणं हे माझं सगळ्यात सोपं काम होतं. त्या दिवशी घरातली पाण्याची भांडी रिकामी करायची, घासून वाळवायची, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत आणि डेंग्यू टळतो. दारात नळ, मागं नदी. बायका बोलता बोलता टिपाड कलंडून द्यायच्या आणि पाणी परसातल्या अळूला जायचं. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. मलाही वाटायला लागलं, की आपल्या जिभेवर साखर आहे.

मग बदली मागून मी माहेरच्या जिल्ह्यात आले, तुळजापूर आणि नळदुर्गच्या मधल्या एका गावात. इथं नळाला आठवड्यानं पाणी आलं तर नशीब, नाहीतर पंधरवडा ठरलेला. पत्रक मात्र तेच आणि घोषणाही तीच. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून 'उद्या कोरडा दिवस' असं पुकारल्यावर गावातल्या बाप्यांनी संध्याकाळीच हायवेच्या ढाब्यावरून दारूच्या बाटल्या आणून ठेवल्या. बायका काही हसल्या नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमच्यात ओला दिस कवा असतोय तेवढं सांगा. कोरडे तर आमी रोजच पाळतोय." मी ते हसण्यावारी नेलं.

पहिल्या वर्षी माझं ऐकणारी एकच बाई निघाली. माझ्या क्वार्टरसमोर तिची पिठाची गिरणी होती. नवरा वारलेला, गिरणीवरच एकुलत्या एका लेकीचं लग्न करून दिलेलं. सगळं गाव तिला काकू म्हणायचं, मीही म्हणायचे. काकूंनी इमानेइतबारे हौद उपसला, टिपाडं पालथी घातली, आणि नेमकी त्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याची मोटार जळाली. काकू घागर घेऊन दारोदार फिरल्या. बोअरवाल्यांच्या घरी पाणी मिळालं, पण आधी "ओतताना कळलं न्हाय व्हय?" एवढं ऐकून घ्यावं लागलं. मला मात्र त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तालुक्याच्या बैठकीत मी आमच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना म्हणाले, आपल्याकडं लोकांना 'ओता' सांगू नका, 'झाका' सांगा, आणि टिपाडांना झाकणं द्या. साहेब तसे सज्जन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, संदेश वरून ठरून येतो, झाकणांची तरतूद नाही. तरतूद नसली की आमच्याकडं विषय संपतो.

पुढच्या वर्षी काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीच्या घराला पाणी किती लागतं ते वेगळं सांगायला नको. काकूंनी हौद काठोकाठ भरून घेतला आणि त्याला जिवापाड जपू लागल्या. मी बॅटरी मारून पाहिलं तर आत अळ्या वळवळत होत्या. उपसा म्हणाले तर त्यांनी हातच जोडले. औषध टाकते म्हणाले तर म्हणाल्या, पोटुशी पोर हेच पाणी पिते, त्यात औषध नको. शेवटी मी घरची जाड चादर हौदावर बांधून दिली. पण पाणी काढायला दिवसातून कितीदा तरी ती सोडावी लागायची, आणि मग तशीच राहायची.

मला समजावायला काकूंनी आत नेऊन पाण्याचा हंडा दाखवला. त्याच्या तोंडाला पांढरं शुभ्र फडकं बांधलेलं, तेही दुहेरी. म्हणाल्या, "थेंबबी गाळल्याबिगर देत न्हाय तिला."

ते फडकं मी ओळखलं. आमच्या लहानपणी या भागात नारू होता. पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. काकूंच्या आईच्या पायातून निघाला होता. तेव्हा सरकारी माणसं आली आणि पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या म्हणाली. बायकांनी ते लगोलग अंगवळणी पाडलं. का नाही पाडणार? फडकं घरचंच, काम घडीभराचं, आणि पाणी थेंबभरही कमी होत नव्हतं. नारू गेला. पण जाताना मनात एक गोष्ट पक्की करून गेला, की पाण्यातला किडा पोटात गेला तरच माणूस आजारी पडतो आणि गाळलं की भीती संपली. ही शिकवण आमच्याच खात्याची. ती इतकी खोल रुजली होती, की माझं तिच्यापुढं काही चालेना. मी म्हणायचे, काकू, हे पिण्याचं नाही, चावण्याचं आहे. त्या मान डोलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी फडकं आणखी स्वच्छ धुतलेलं दिसायचं. मला रागही यायचा आणि रडूही.

पोरीला ताप भरला. तालुक्याला नेलं, तिथं डेंग्यू निघाला, पेशी कमी झाल्यात म्हणून सोलापूरला पाठवलं. मी सोबत गेले. काकू दवाखान्याच्या जिन्यात बसून होत्या, मांडीवर घरून गाळून आणलेल्या पाण्याची बाटली. आधी पोटातलं बाळ गेलं, मागोमाग पोर गेली.

त्यानंतर मात्र गावात सगळं झालं. धुराची मशीन आली, साहेब आले, फोटो निघाले. नळाचं पाणी तेवढं पूर्वीसारखंच येत राहिलं.

महिना उलटल्यावर काकू माझ्या दारात येऊन बसल्या. चहा नको म्हणाल्या. मग विचारलं, "म्या तर समदं गाळून दिलं हुतं. मग कुठनं आलं?"

गावाला सांगत आले होते तेच मी पुन्हा सांगितलं. साठलेलं पाणी, त्यातली अळी, अळीचा डास, डासाचा चावा. या वेळी त्या मान डोलवत नव्हत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, डास आपल्याच हौदातला का? खोटं बोलायला मला जमलं नाही. म्हणाले, बहुतेक.

"मंजी, म्या पाणी जपलं म्हणून गेली," त्या म्हणाल्या.

त्या गावात माझं सांगणं पुरतं समजलेली ती पहिलीच बाई होती.