यादीतलं शेवटचं नाव

नात जन्मली ती रडलीच नाही. दवाखान्याची गाडी आमच्या कोंडाण्याला पोचायच्या आधीच सून घरी बाळंत होऊन अर्धमेली पडली होती आणि पोर निळी पडत चालली होती. शेजारची ख्रिस्ती बाई, दवाखान्यातली जुनी आया, तिला टॉवेलनं चोळत होती आणि तोंडानं अब्राहाम, इसहाक, याकोब अशी नावं घेत होती.

ही तिची रोजची खोड. ओट्यावर बसून ती बायबलातल्या वंशावळी मोठ्यानं वाचते. मी म्हणायची, "ह्यात गोष्ट कुठं हाय गं? नुसता बाप नि लेक. तलाठ्याकडं वारस लावायचेत का?"

ती हसायची. "एकेका नावामागं एकेका बाईनं कळा सोसल्यात, आक्का. देव त्यातलं एक गाळत नाय."

त्या दिवशी मी ओरडले, "पोर चाललीय नि तुला नावं कसली सुचतात?"

"ही समदी अशीच आली," म्हणाली आणि चोळतच राहिली. नावं घेत ती दाविदापाशी आली, तसा पोरीनं असा टाहो फोडला, की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

आता तिची वंशावळ येशूपाशी थांबत नाही. पुढं ती माझ्या सुनेचं नाव घेते, मग नातीचं, आणि नात आमच्या ओट्यावरून ओ देते.

सून जगली. नात जगली.