अप्पांची पळी

कंधारच्या आमच्या घरी माझे वडील, अप्पा, फुटकी जर्मनची भांडी वितळवून कढया ओतायचे. पुस्तकात ज्याला अ‍ॅल्युमिनियम म्हणतात, ते आमच्याकडं जर्मन. भट्टी दारातच. धुरानं आईचा खोकला बारा महिने, आणि पावसात भट्टी पेटली नाही की चूलही थंड. त्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. हे सांगताना माझी मान ताठ होते.

नांदेडला शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्टही जर्मनचाच घेतला. हा धातू हलका, पण तापला की मऊ पडतो; इंजिनाच्या गरम भागात टिकत नाही. त्यात झिरकोनियम हा दुसरा धातू थोडा मिसळून, ओतलेली कांडी बराच वेळ तापत ठेवली की आत बारीक कण तयार होतात. तेच त्याला उष्णतेत धरून ठेवतात. कांडी तापवून ओढायचं मशीन लातूरच्या एका लॅबमध्ये होतं. कॉलेजच्या भट्टीत कांडी ओतली आणि ती घेऊन बसनं गेले.

तीनशे अंशावर कांडी ओढायला घेतली आणि तट्कन दोन तुकडे.

"म्याडम, बिस्किट हाय का कांडी?" मशीनवाले काका म्हणाले.

मला हसू आलं नाही. झिरकोनियम एकाच ओतणीपुरतं उरलं होतं. तीही फसली तर वर्ष गेलं, आणि अजून एक वर्ष शिकवायची ताकद घरात नव्हती.

तुकडे घेऊन थेट कंधार गाठलं. अप्पांनी तुटलेली बाजू उजेडात धरली.

"लोखंड खाल्लंय यानं. ढवळलं कशानं, माय?"

"तुमच्याच पळीनं. घरनं नेली होती."

"चुना लावला हुता का तिला?"

लावला नव्हता. भट्टी पेटवायच्या आधी अप्पा पळीला चुन्याचा हात द्यायचे आणि चुन्याचं बोट भट्टीला टेकवून पाया पडायचे. मला वाटायचं, ही सगळी पूजाच. इंजिनिअर होऊन कुठं पूजा करत बसायचं, म्हणून मी सोडून दिली. तेच अप्पांना सांगितलं.

"भट्टीच्या पाया न्हाई पडलीस तरी चालंल. चुना कशाला सोडला? उघडं लोखंड लई वेळ आत ठिवलं की झिजून जर्मनमधी उतरतं. एवढं पुस्तकात न्हाई व्हय?"

होतं. लोखंडानं हा धातू ठिसूळ होतो, हे मी परीक्षेत लिहिलंही होतं. पळी लोखंडाची आहे, एवढंच सुचलं नव्हतं.

"आता लाव, आन् खडखडीत वाळव. ओली पळी घातलीस तर तोंडावर उडंल."

दुसऱ्या ओतणीला पळी दोनदा वाळवली, तरी धीर होईना. पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरली. कांडी तापत ठेवली, तितके दिवस जेवण गेलं नाही. लातूरच्या बसमध्ये खड्डा आला की मी दांडी सोडून मांडीवरची कांडी धरत होते.

काकांनी मशीन चालू केलं. भार चढायला लागला. मागं जिथं तुटली होती, तो आकडा आला आणि गेला. काका वाकून आकडा बघत राहिले. माझ्या ओढणीचा पदर मुठीत पार चुरगळला होता.

तीनशे अंशावर कांडीनं ठरवलेला भार पेलला. प्रोजेक्ट पास झाला, आणि आमच्या घरात पहिली पदवी आली.