घरातले डोळे

डोणगावात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. माझं मोटार रिवाइंडिंगचं, निवृत्तीचं फोटोचं. तू जळालेल्या मोटारी उठवतोस आणि मी गेलेली माणसं, असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

पण त्याचं निम्मं काम तेच होतं. घरातलं म्हातारं माणूस गेलं की सगळ्यांच्या लक्षात येतं, भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो नाही. आधार कार्डावरचा कोणी लावत नाही, त्यात जिवंत माणूसही गेल्यासारखं दिसतं. मग न्यायच्या आधी घाईघाईनं मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन लोक येत आणि म्हणत, "निवृत्तीभाऊ, याचे डोये उघडून द्या." तेरवीच्या आत फ्रेम तयार लागे.

डोळे उघडायचे म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी बसवायचे. त्यात निवृत्तीचा एकच नियम होता, डोळे घरातलेच पाहिजेत. बापाला लेकाचे, मायला लेकीचे, नाहीच कोणी तर भावाचे. घाईतलं गिऱ्हाईक म्हणे, "बसवा ना कोनाचेबी, कोन पाह्यते?" निवृत्ती त्याला घरी पिटाळायचा आणि लेकाला घेऊन यायला लावायचा. हे खूळ आहे, असं मी त्याला तोंडावर सांगत आलो.

ते काम तो एका जुन्या सर्व्हरवर करी. कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेला तो डबा त्यानं अकोल्याच्या भंगारातून उचलला होता. आत दोन प्रोसेसर, मिळून चोवीस कोअर, म्हणजे एका वेळी जुंपलेले चोवीस बैलच म्हणा. ऐकायला दांडगं, पण एकेक कोअर म्हाताऱ्या बैलाच्या चालीनं चालणारा. सुरू केला की पंखे पिठाच्या गिरणीसारखे घुमत, आणि बसवलेल्या डोळ्यांची कड कातडीत मिसळेपर्यंत दुपार उलटून जाई. "अर्ध्या हॉर्सपॉवरच्या कामाले दहाची मोटार लावली यानं," असं मी सगळ्यांना सांगायचो.

मग त्याची बायको गेली. झुंबरबाई. मी तिला वहिनी म्हणायचो. पोटी मूल नव्हतं, दोघंच दोघं. फ्लॅश पडला की ती डोळे मिटून घ्यायची, त्यामुळे अख्ख्या पंचक्रोशीचे डोळे उघडणाऱ्याच्या घरात बायकोचा एक धड फोटो निघाला नाही. जे होते त्यात ती डोळे मिटून उभी.

तेरवीला वरवट बकालहून तिचा भाऊ गोकुळ आला आणि त्याची मुलगी पूनम. पूनम पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिच्याजवळ नवाकोरा लॅपटॉप होता, शाळेच्या पाटीएवढा पातळ.

"मामा, तुमचा प्रोसेसर लय जुना झाला," ती म्हणाली. "याच्यात कोअर कमी हायेत, पन एकेक तुमच्यापेक्षा कितीतरी पट पयते. आन् चेहऱ्याचा अंदाज बांधाले याच्यात येगळाच भाग हाये. तुमच्यावर तर हे सॉफ्टवेअर चालूच होनार नाही."

मला शर्यतीची हुक्की आली. वहिनीचा एकच फोटो दोन्हीकडं घालायला लावला. सर्व्हर घुमायला लागला. लॅपटॉपमधून आवाज नाही, हात लावला तर गरमसुद्धा नाही. सर्व्हर फोटोवरची नुसती धूळ झाडत होता, तोवर इकडं वहिनीनं डोळे उघडले.

गोकुळ रडायला लागला. चेहरा इतका जिवंत होता की तिनं पदर सावरावा म्हणून मी नकळत नजर बाजूला घेतली.

"कोनाचे डोये हायेत हे?" निवृत्तीनं विचारलं.

"कोनाचेच नाही, मामा. त्यानंच बनवले."

आत्याचे डोळे जसेच्या तसे घेऊन जन्मलेली पोरगी आमच्यासमोर बसली होती, आणि ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. नियमवाल्या निवृत्तीच्याही नाही. फोटो भिंतीवर लागला. पूनमला कंपनीचा दुसरा लॅपटॉप होता, तिनं हा मामाकडंच ठेवला. सर्व्हरवर जुनी चादर पडली. गिऱ्हाइकांना लेकाला घेऊन यायची कटकट उरली नाही. मीही माझ्या बाबांचा धुरकट फोटो नवा करून घेतला आणि दुकानात टांगला.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर निवृत्ती माझ्याकडं येऊन बसला. वाळला होता.

"राम्या, ते माह्याकडं पाहत नाही बे."

"कोन?"

"झुंबर. ते माह्या मांगं पाह्यते. जेवाले बसलो का मांगं कोनतरी येऊन उभं राह्यलं, असं वाटते. घास उतरत नाही."

"येड लागलं काय तुले?" मी खेकसलो. पण तो बोलत असताना माझी नजर बाबांच्या फोटोवर गेली. डाव्या बुबुळात उजेडाचा बारीक पांढरा ठिपका. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं, दाराकडं. बाबा जन्माचे संशयी, म्हणून मला इतके दिवस ते त्यांचंच पाहणं वाटलं होतं. त्याच्या घरी जाऊन वहिनीचा फोटो पाहिला. तोच ठिपका, तीच नजर.

निवृत्तीला आता पूनमचे डोळे हवे होते. मोबाइलवर मागव म्हटलं तर ऐकेना, आपलाच कॅमेरा, आपलाच उजेड पाहिजे. पूनम दिवाळीला घरी आलेली, म्हणून आम्ही वरवट बकालला गेलो. ओसरीत शिरलो आणि दोघंही दारातच थबकलो. समोर गोकुळच्या मायचा, निवृत्तीच्या सासूचा फोटो होता. गोकुळनं तो तिकडंच कोणाकडून तरी नवा करून घेतला होता. सासू आमच्या खांद्यावरून मागं पाहत होती. मी खरंच वळून पाहिलं. मागं नुसतं ऊन होतं.

"मायचे डोये असे नव्हते गोकुळ," निवृत्ती म्हणाला.

"असेच तं होते," गोकुळ शांतपणे म्हणाला. "माय अशीच पाह्यची."

निवृत्तीनं पूनमला खिडकीत बसवून फोटो काढले, आणि चहाही न घेता निघायची घाई केली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सर्व्हरवरची चादर काढली. पंखे घुमले. दुपार उलटेपर्यंत मीही माझ्या मोटारी सोडून तिथंच बसून राहिलो. हळूहळू कड मिसळली, आणि पडद्यावर वहिनी आली. डोळे जरा मिचमिचे, एक किंचित लहान. भाजी उरली आहे, जेवूनच जा, म्हणताना पाहायची तशी सरळ माझ्याकडं पाहणारी. मला भडभडून आलं.

"हेच," मी म्हणालो. "हेच आपली वहिनी."

निवृत्ती पडद्याजवळ सरकला. चष्मा पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळला, आणि त्याचा चेहरा पाहून मी घाबरलो.

"राम्या," तो म्हणाला, "हे कोन बाई हाये बे?"

मी नाना तऱ्हेनं सांगून पाहिलं. पूनमचा फोटो शेजारी धरला. तो मान हलवत राहिला. वर्षभर दोन्ही वेळ ज्या नजरेखाली तो जेवला होता, तेवढीच त्याच्याजवळ उरली होती. "नाही लागत रे ओळख," म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

लॅपटॉपवालाच फोटो अजून त्याच्या भिंतीवर आहे. सर्व्हरवरचा त्यानं माझ्याकडं देऊन टाकला. मी तो बाबांच्या शेजारी लावलाय. सकाळी दोघांना अगरबत्ती ओवाळतो. वहिनी माझ्याकडं पाहते. बाबांचे खरे डोळे कसे होते ते मी रोज आठवून पाहतो, आणि रोज मला हेच आठवतात.