बेटावरची मडम

शिंपल्यांतली कालवं काढून काढून द्वारकाचे डोळे जड होतात. भरतीला अजून अवकाश आहे, बरोबरच्या बायका खडकांवर पांगल्या आहेत, आणि शेंदरीबेटावर सावली म्हणून आहे ती एकाच जागी, पडक्या बंगल्याच्या पडवीत. तिथे कुणी फिरकत नाही. 'आत मडमेचं भूत आहे' असं सगळ्यात आधी सांगितलं ते तिच्याच नवऱ्याने, भिवा तांडेलाने. रोज तो याच बाजूला जाळी टाकायला यायचा. गेल्या शिमग्यात तो वारला. आता कुणासाठी भ्यायचं, असं म्हणत द्वारका भिंतीला पाठ टेकते.

"इलंस शेवटी," भिवा म्हणतो.

तो पायरीवर बसलाय, कोकमाचे लालभडक रातांबे फोडून चोखतोय. मागचं दार उघडं आहे. आत तिचंच स्वयंपाकघर, चुलीवर पेज रटरटतेय, पण वर छप्पर नाही.

"अहो, उठा हयसून. मडम येतली."

भिवा मोकळं हसतो. जिवंतपणी तो तिच्यासमोर असा कधी हसला नव्हता.

"मडम बिडम काय नाय गो. मीच उठवलंय ती गोष्ट."

"कित्याक?"

"कोणी येव नये म्हणान."

"कोण होती हय तुमच्याबरोबर?"

"कोण नाय. एकटोच गाणी म्हणत बसंय."

गाणी! घरात हा माणूस मीठ मागायलाही तोंड उघडत नसे.

पायरी हलते. दोघं होडीत आहेत, बंगला पाण्यावरून मागे मागे जातोय.

"तुमी परत येईसर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हतो," ती म्हणते. "देवाकडे पदर पसरून बसायची मी."

"माका म्हायत होता."

"म्हायत होता? आणि तरी सांगूक नाय?"

भिवा एक रातांबा तिच्या हातात ठेवतो. "खा. गोड आसा." मग तोंड फिरवून गुणगुणायला लागतो, जणू होडीत दुसरं कुणी नाहीच.

"द्वारके! गो, भरती इली!"

द्वारका डोळे उघडते. अंगणात नुसते दगड आणि काटे, झाड एकही नाही. बरोबरची मंजुळा लांबच थांबून हाका मारतेय.

"काय गो, दिसली मडम?"

"हय भूत नाय. कधीच नव्हता."

"मगे हाताक काय लागला तुझ्या?"

द्वारका खाली बघते. बोटांवरून मनगटापर्यंत तांबडा, चिकट रस ओघळलाय. ती एक बोट जिभेला लावते.

आंबट आहे. दात आंबतील इतकं आंबट.